तारीख, वेळ, सही: परिचारिकेची जबाबदारी आणि तिचे हक्क

तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं खासगी रुग्णालय. रात्रीचे दोन वाजलेत. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले, ते फोनवरच सांगतात, "सिस्टर, तेवीस नंबरला केसीएल लावा." (केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, सलाईनमधून देतात ते.) खाली सत्तावीस पेशंट, एक मावशी, एक मामा आणि दोन सिस्टर. त्यातली एक नोंदणीकृत, दुसरी 'शिकवून घेतलेली'. मराठवाड्यात नोकरी केलेल्या कुठल्याही परिचारिकेला हे चित्र नवं नाही.

या रात्री काही बिघडलं तर कुणाची मान अडकते? आणि एवढा भार एकटीवर टाकला म्हणून त्या नोंदणीकृत सिस्टरला काय मागता येतं? दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतात. ऑर्डर शीटवर, नर्सिंग नोट्समध्ये, ड्यूटी चार्टवर आणि नेमणूकपत्रात. जिची नोंद वेळेवर आणि नेमकी असते तिची जबाबदारीही पार पडलेली दिसते आणि हक्कही शाबूत राहतो. परिचर्येच्या अभ्यासक्रमात नोंदीचा धडा असतो, पण तो परीक्षेपुरता शिकवला जातो, याची खंत वाटते. म्हणून इथं तो धडा नोकरीच्या अंगानं मांडला आहे. मातृत्वाचे मुद्दे वगळता सगळं ब्रदरनाही तसंच्या तसं लागू आहे.

नोंदणी तुमची आहे, रुग्णालयाची नाही

महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. तिचा आधार १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविका), बीएस्सी नर्सिंग, प्रत्येकीची नोंद वेगळी होते आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अडचण इथंच होते. लग्न होऊन आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, नूतनीकरणाची तारीख निघून जाते आणि सिस्टर मुदत संपलेल्या नोंदणीवर इंजेक्शनं देत राहतात. एरवी कुणी विचारत नाही. वाद झाला की मात्र समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो. मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीची लावून ठेवा. सीएनई, म्हणजे सतत परिचर्या शिक्षणाची प्रमाणपत्रंही मिळतील तशी एकाच फाइलला लावत जा. शेवटच्या महिन्यात ती गोळा होत नाहीत.

नांदेड-लातूरच्या बऱ्याच मुली बिदर, कलबुर्गीला शिकतात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटकात होते. महाराष्ट्रात नोकरी करायची तर तिकडच्या परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इथं नोंदणी करून घ्यावी लागते. कर्नाटकच्या क्रमांकावर उदगीरला नाईट करणं कायद्यात बसत नाही.

'तुझं रजिस्ट्रेशनच रद्द करून टाकतो' ही धमकी अनेकींनी ऐकलेली असते. रुग्णालयाला तो अधिकार नाही. रुग्णालय किंवा रुग्ण परिषदेकडे तक्रार करू शकतो. परिषद चौकशी करते, तुमची बाजू ऐकते आणि मगच नाव ठेवायचं की काढायचं ते ठरवते. मालक, संचालक, डॉक्टर, कुणीही परस्पर नोंदणी रद्द करू शकत नाही.

त्याच्याच जोडीचा दुसरा मुद्दा मूळ प्रमाणपत्रांचा. नोकरीवर रुजू होताना 'ओरिजिनल जमा करा' असं सांगितलं जातं आणि सोडताना ती अडकवून ठेवली जातात. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद घरी न्या. आधीच दिले असतील तर 'अमुक कागद अमुक तारखेला जमा केले' एवढं लिहून पोच घ्या. बाँड लिहून घेतला असेल तर त्यातली पूर्ण रक्कम आपोआप द्यावी लागते असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मिळू शकते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही.

रात्री दोनची फोनवरची ऑर्डर

आता तेवीस नंबरच्या केसीएलकडे वळू. बाजारात मिळणारं नेहमीचं अँप्यूल १० मिलीचं, १५ टक्क्यांचं असतं. त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते पातळ न करता सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, आणि परत चालू करायला फार वेळ हातात राहत नाही. ते अँप्यूल ५०० मिली सलाईनमध्ये घातलं तर लिटरला ४० हे प्रमाण होतं. हाताच्या शिरेतून साधारणपणे याहून घट्ट द्रावण देत नाहीत, आणि मॉनिटर नसलेल्या वॉर्डात वेग तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नेत नाहीत. म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत कधीच संपता कामा नये. चार-पाच तास घेतलेले बरे.

इथं होणारी चूक अगदी साधी असते. सलाईन लटकलेली, चालू असते आणि वरून केसीएल टोचलं जातं. केसीएल जड, ते तळाशी बसतं आणि सुरुवातीच्या मिनिटांतच घट्ट द्रावण पेशंटला जातं. म्हणून बाटली खाली काढायची, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, लेबल लावायचं आणि मगच टांगायची. पेशंटला लघवी होते का, हेही आधी बघायचं. लघवी होत नसेल तर पोटॅशियम शरीरात साठत जातं.

आता ऑर्डर. फोनवर 'केसीएल लावा' एवढंच सांगितलं तर ती ऑर्डर अपुरी आहे. किती, कशात आणि किती वेळात, हे तिन्ही विचारायचं. ऐकतानाच लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, समोरून 'बरोबर' आलं की तीही नोंद करायची. ती अशी दिसते:

'रात्री २.१०. बेड २३. डॉक्टरांची फोनवरून ऑर्डर: केसीएल १ अँप्यूल, एनएस ५०० मिलीत, ५ तासांत. वाचून दाखवले, होकार दिला. रात्री ८ ते २ लघवी ३२० मिली. २.२५ ला चालू, मिनिटाला ३३ थेंब. नाडी ८८, बीपी ११०/७०.' खाली पूर्ण सही आणि नाव. (एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन. ३३ हा आकडा एका मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटचा आहे. सेट बदलला की थेंब बदलतात.) सकाळी राउंडला डॉक्टरांची त्या ऑर्डरवर सही घ्यायची. त्यांना आठवण करून देणं हा आगाऊपणा नाही.

ऑर्डर चुकीची वाटली तर? द्यायचं थांबवा, डॉक्टरांना पुन्हा विचारा, तरी शंका राहिली तर इनचार्ज सिस्टर किंवा दुसऱ्या डॉक्टरांना सांगा आणि काय विचारलं, काय उत्तर आलं ते लिहा. 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं' ही पूर्ण ढाल नाही. नोंदणीकृत परिचारिकेला धोकादायक डोस ओळखता आला पाहिजे, असं गृहीत धरलेलं असतं.

इन्सुलिनचं उदाहरण याच जातीचं. आपल्याकडच्या बहुतेक वायल ४० युनिट प्रति मिलीच्या, पण १०० युनिटच्याही असतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केलं तर २० ऐवजी ८. ट्रेमध्ये दोन्ही सिरिंज एकत्र असतील तर हे आज ना उद्या होणार. ट्रे वेगळे करा आणि तसं इंडेंटमध्ये, म्हणजे साहित्याच्या मागणीपत्रात, लिहून मागा.

कायदा नेमका कुठं टोचतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत परिचारिकांनाही आहे असं अनेकींना वाटतं. पण त्या कलमाच्या स्पष्टीकरणात नाव फक्त वैद्यकीय नोंदवहीतल्या डॉक्टरांचं आहे. परिचारिकांची नोंदवही त्यात येत नाही. त्याच खोलीत, त्याच पेशंटवर, त्याच चुकीसाठी डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि सिस्टरला कमाल पाच. हे अन्यायाचं आहे, आणि परिचारिकांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा. तोवर नोंद नीट ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

ग्राहक आयोगातली तक्रार वेगळी. तिथं नुकसानभरपाई मागतात, ती बहुधा रुग्णालयाकडून, कारण कर्मचाऱ्याच्या चुकीला मालकही जबाबदार असतो. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत ती तक्रार करता येते. दोन वर्षांनी तुम्हाला बेड नंबरही आठवणार नाही. तेव्हा फक्त तुमची नोंद बोलेल.

म्हणून ती बोलकी हवी. 'पेशंट बरा आहे', 'रात्र शांत' यातून काहीच कळत नाही. नाडी, श्वास, बीपी, ताप, लघवी, शुद्ध कशी आहे, काय दिलं, काय दिल्यावर काय झालं, कुणाला कधी कळवलं हे लिहायचं. औषध देण्याआधी 'दिले' अशी टिक करू नये. पहाटेची गर्दी टाळायला अनेक जणी ही सवय लावून घेतात आणि नेमकं त्याच पेशंटचं सलाईन शिरेबाहेर गेलेलं असतं. औषध नसेल तर 'स्टोअरमध्ये नाही, ११.४० ला डॉक्टरांना कळवले' असं लिहावं. चुकलं तर एका रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर लावलेलं पान कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातं. लिहायचं राहून गेलं असेल तर 'उशिरा केलेली नोंद' म्हणून खरी वेळ टाकून लिहा. आणि घटना घडून गेल्यावर कुणीही सांगितलं तरी जुन्या पानाला हात लावू नका.

दुसऱ्यानं केलेल्या कामावर सही करू नका, ही गोष्ट छोट्या रुग्णालयात सगळ्यात अवघड जाते. 'शिकवून घेतलेली' मुलगी कष्टाळू असते, गरजू असते, तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण शिरेतलं इंजेक्शन तिच्या हाती देऊन चार्टवर स्वतःचं नाव लिहिलं की तिची चूकही तुमची झाली. तिला पाणी देणं, कुशीवर वळवणं, चादर बदलणं, लघवी मोजून सांगणं ही कामं द्यावीत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. त्यात रुग्णालयाला नोंदणी देताना पात्र परिचारिका योग्य प्रमाणात आहेत का, हे पाहायचं असतं. तेव्हा आणखी नोंदणीकृत सिस्टर मागणं म्हणजे मालकाला त्याच्याच परवान्याची अट आठवून देणं आहे.

संमतिपत्राबद्दल एवढंच. शस्त्रक्रियेची माहिती देणं डॉक्टरांचं काम. सिस्टरची सही साक्षीदाराची, म्हणजे 'ही सही किंवा अंगठा माझ्यासमोर झाला' एवढीच. देगलूर-बिलोलीकडे पेशंट तेलुगू बोलणारा असतो, तांड्यावरून आलेली बाई गोरमाटीच बोलते. कुणी, कोणत्या भाषेत समजावलं ते लिहिलेलं असावं. कोऱ्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून आधीच सह्या करून ठेवू नयेत.

आणि गुप्तता. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे इथं ती शहराहून जास्त जपावी लागते. फाइलच्या पुठ्ठ्यावर किंवा बेडवर एचआयव्हीची खूण करणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या विरोधात आहे. वॉर्डात रील करताना मागच्या खाटेवरचा चेहरा दिसला, तरी गुप्तता मोडलीच.

माणसं कमी असतील तर

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं: शिकाऊ रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाचमागे एक, शिवाय रजा-सुट्यांसाठी ३० टक्के जादा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत कुठंही वॉर्डात उभं राहून मोजलं की अंतर किती आहे ते दिसतं. पेशंट जमिनीवर गाद्या टाकून असतात आणि सिस्टर दोन.

हे प्रमाण पाळलं नाही म्हणून ड्यूटी सोडून जाता येत नाही. ओव्हर न देता, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून न देता, वॉर्ड सोडणं हा गैरवर्तनाचा मुद्दा होतो, आणि पेशंटला धोका होतो तो वेगळाच. पण गप्प बसायचंही कारण नाही. ड्यूटी सुरू होताच एक छोटं पत्र लिहायचं, एक प्रत कार्यालयात, एक पोच घेऊन स्वतःकडे:

'दि. __, रात्रपाळी, वॉर्ड __. एकूण रुग्ण ४१, त्यांपैकी गंभीर ६, ऑक्सिजनवर ४. हजर परिचारिका २. वाढीव मनुष्यबळ मिळावे. तोपर्यंत गंभीर रुग्णांचे निरीक्षण दर तासाला व इतरांचे दर चार तासांनी करता येईल. रात्री ८.२० ला इनचार्ज यांना फोनवर कळवले.'

रुग्णाचं नाव त्यात नको. हे पत्र भांडण म्हणून लिहू नका, माहिती म्हणून लिहा. 'काय शक्य आहे' हे वाक्य महत्त्वाचं, कारण उद्या 'दर अर्ध्या तासाला बीपी का नाही घेतलं' असं विचारलं तर आधीच कळवलेलं असेल. पोच मिळत नसेल तर इनचार्जच्या मोबाइलवर संदेश टाका, त्यालाही तारीख-वेळ असते. एकीनं लिहिलं तर ती 'कटकटी' ठरते. चौघींनी पाळीपाळीनं लिहिलं की त्याची फाइल होते.

ओव्हर बेडजवळच घ्यावा आणि द्यावा. टेबलावरून 'सगळे स्टेबल' असं ऐकून घेतलेला ओव्हर सकाळी आठ वाजता सोपा वाटतो. नंतर कळतं की सात नंबरची सुई रात्रीपासून सुजलेली आहे.

उन्हाळ्याचा एक मुद्दा मराठवाड्याचाच. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आजही एप्रिल-मेमध्ये अनेक रुग्णालयं टँकरवर असतात. नळ कोरडा म्हणून हात धुवायचे राहतात. हातावर मळ किंवा रक्त दिसत नसेल तर अल्कोहोलचं हँडरब २० ते ३० सेकंद चोळलं तरी चालतं. रक्त किंवा घाण लागली असेल तर पाणी आणि साबणच लागतो, ४० ते ६० सेकंद. दर वॉर्डात तोटीची एक टाकी आणि पुरेसं हँडरब हे मागणीपत्रात लिहून मागण्याचे विषय आहेत.

सुई टोचली तर पहिले दोन तास

वापरलेली सुई टोचली की आधी हात वाहत्या पाण्याखाली धरून साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. त्यानं कातडीला आणखी इजा होते. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्यानं भरपूर धुवा.

मग घड्याळ बघा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध, पीईपी, शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ते २८ दिवस घ्यायचं असतं. पेशंटच्या रिपोर्टची वाट बघत पहिला डोस थांबवायचा नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद करता येतं. एआरटी केंद्रं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराची केंद्रं, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत असतात, पण ती दिवसा उघडी. रात्री थेट अपघात विभागात जा. किनवट-माहूरहून नांदेड गाठेपर्यंतच दोन-तीन तास जातात, म्हणून पहिला डोस आपल्याच रुग्णालयात ठेवलेला असावा, असा आग्रह धरा. २०१७ चा कायदा संसर्गाचा मोठा धोका असलेल्या ठिकाणी मालकावर सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी देण्याची जबाबदारी टाकतो.

घाबरून जायचं कारण नाही. एचआयव्हीबाधित सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बी मात्र, लस न घेतलेल्यांत, ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खरी भीती कशाची बाळगायची ते लक्षात येईल. लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी तपासून १० च्या वर आहे का ते बघायचं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. लसीचे पैसे पगारातून कापले जात असतील तर हा नियम दाखवा.

घटनेची नोंद त्याच पाळीत करा, स्वतःचं रक्तही त्याच दिवशी तपासा. आजची तपासणी निगेटिव्ह असल्याचा कागद नसेल, तर सहा महिन्यांनी आलेला आजार ड्यूटीवरच झाला हे सिद्ध करणं अवघड होतं. टोपण परत सुईवर बसवताना सगळ्यात जास्त सुया टोचतात. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका.

हात उगारला, अंगाला हात लावला

नातेवाइकांनी मारहाण केली तर वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेला प्रतिबंध करणारा २०१० चा राज्याचा कायदा आहे. त्यात परिचारिका आणि परिचर्येच्या विद्यार्थिनीही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तोडफोडीची भरपाई दुप्पट. पोलीस ठाण्यात अनेकदा साध्या मारहाणीची नोंद होते. फिर्यादीत या कायद्याचं नाव लिहा असं ठामपणे सांगा. स्वतःची वैद्यकीय तपासणी करून घ्या, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी राखून ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी द्या. फिर्याद शक्यतो रुग्णालयाच्या नावानं व्हावी, कारण सिस्टरला त्याच गावात राहायचं असतं.

लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती सक्तीची करतो. दहा मोजताना डॉक्टर, मावशी, मामा, काउंटरवरची मुलगी, कंत्राटी आणि शिकाऊ, सगळे मोजायचे. समितीची अध्यक्ष स्त्री हवी आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नेमलेली असते. त्रास पेशंट किंवा नातेवाइकाकडून झाला तरी सुरक्षित जागा देण्याचं कर्तव्य मालकाचंच, आणि रुग्णालयाची रात्रीची गाडीही कामाच्या जागेत धरली जाते.

पगार, तास, बाळंतपण

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांतल्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांतही महिना २० हजारांपेक्षा कमी नाही. या शिफारशी आपोआप कायदा होत नाहीत, राज्यांनी त्या लागू कराव्या लागतात. पण वाटाघाटीत हा आकडा टेबलावर ठेवता येतो, आणि ठेवावाच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे नेमणूकपत्र देणं बंधनकारक, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि नोकरी सोडल्यावर देणं असलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत. आठवड्याला ४८ तास, त्यावरच्या तासांना दुप्पट दर. नेमणूकपत्रात हुद्दा नीट वाचा. 'हेल्पर' किंवा 'ट्रेनी' लिहून सिस्टरचं काम करून घेतलं की अनुभव प्रमाणपत्रही तसंच मिळतं.

पगारपत्रकात दोन कपाती बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. म्हणजे १८ हजार पगारावर तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५ रुपये. वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधीला दोघांचे १२-१२ टक्के. कपात होते पण खात्यात भरली जात नाही, असंही घडतं. यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याच्या क्रमांकावर पासबुक महिन्याला एकदा उघडून बघा.

मातृत्व रजा २६ आठवडे, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ. दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा जो एक महिना, त्यात मागणी केली तर जास्त उभं राहण्याचं किंवा जड काम देता येत नाही. मागणी अर्थात लेखी. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन सुट्या. राज्य सेवेतल्या परिचारिकांना सेवानियमांनुसार १८० दिवस मिळतात.

दाद कुठं मागायची

सरकारी सेवेत क्रम असा: परिसेविका (वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर), अधिसेविका (मेट्रन), मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता. आरोग्य सेविकांसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यावर आरोग्य उपसंचालक. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय आणि लातूर, धाराशिव, नांदेड, बीडसाठी लातूरचं. सेवेच्या आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. आदेशापासून एका वर्षात तिथं जावं लागतं. निवेदन देत बसून हे वर्ष निघून जातं, ही नेहमीची चूक.

खासगी नोकरीतला पगार, जादा तास, नेमणूकपत्र यासाठी जिल्ह्याचं कामगार आयुक्त कार्यालय. पात्र नसलेल्यांकडून परिचर्या करून घेतली जात असेल तर जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून बहुतेक जणी गप्प बसतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. जाताना नेमणूकपत्र, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं पासबुक, ड्यूटी चार्टचा फोटो (पेशंटची नावं नसलेला) आणि पोच घेतलेली आपली पत्रं तारखेच्या क्रमानं लावून सोबत न्या.